पांघरुणातले पाय

पेत्रोवूनी गावात दुपारी तीन ते साडेपाच या वेळात कुणी मेलं, तर रडायला साडेपाचनंतर सुरुवात करायची, असं लोक गमतीनं म्हणतात. म्हणतात गमतीनं, वागतात मात्र तसंच. तीनचा ठोका पडला की खिडक्यांच्या झडपा ओढल्या जातात, कॉफीवाला स्तेर्गिओस खुर्च्या उलट्या करून टेबलांवर टाकतो, आणि एखाद्या कार्ट्यानं गल्लीत चेंडू आपटलाच तर कुठल्यातरी अंधाऱ्या खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सरकारी कायद्यातही हे शांततेचे तास आहेत म्हणे. असतील. गावाला कायद्याची गरज पडलेली नाही. दुसऱ्याची झोप मोडणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं, एवढं इथे आईच्या मांडीवरच शिकवतात.

अशा गावात भट्टीवाला अर्गिरिस सात महिने दुपारचा झोपला नव्हता.

ही गोष्ट लपून राहिली होती अशातला भाग नाही. सगळं गाव घोरत असताना भट्टीच्या मागच्या खोलीतून खुडबुड ऐकू यायची. कधी पराती घासल्याचा आवाज, कधी काथवटीला चिकटलेली कणीक खरवडल्याचा. लोक कुशीवर वळायचे, "अजून टेकला नाही वाटतं हा," म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे. भट्टीवाल्याला तोंडावर बोलणार कोण? सकाळी पाव त्याच्याकडूनच घ्यायचा असतो.

बाकीच्यांचं एक दुपार न झोपल्यानं काही अडत नाही, कारण त्यांना रात्र असते. भट्टीवाला रात्री एकला उठतो. नऊला अंथरुणात पडला तरी चार तास झाले. उरलेली झोप दुपारी पुरी करायची, तेव्हा कुठे माणूस माणसात राहतो. अर्गिरिसच्या बापानं, थिमियोसनं, हे बेचाळीस वर्षं पाळलं. भट्टीमागच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक बापाची, एक लेकाची. जेवण झालं की थिमियोस भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा आणि सुनेला म्हणायचा, "झंबेता, मळलेल्या पिठासारखं मलाही दोन तास झाकून ठेव गं. पाय तेवढे उघडे राहू देत. ते आधीच फुगलेत." दिवसभर भट्टीसमोर उभं राहून त्याच्या तळपायांची आग व्हायची. बर्फ पडला तरी त्याचे पाय पांघरुणाबाहेरच असत, आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्ध्या उघड्या दारातून आधी ते दोन रुंद पाय दिसत.

जानेवारीत तो त्याच खाटेवर गेला.

त्या दिवशी गावात लग्न होतं आणि लग्नाचे नक्षीचे पाव करायचे होते. म्हणून बापलेक आदल्या रात्री दहालाच उठले होते. दुपारी एकला थिमियोस म्हणाला, "मी जरा लवकर पडतो, आज जीव थकलाय." अर्गिरिस गाडी घेऊन वरच्या वाड्यांना पाव पोचवायला गेला. तीन वाजून गेल्यावर परतला, तेव्हा डोळे उघडे ठेवणंही जड झालं होतं. बापाची झोपमोड नको म्हणून त्यानं बूट दारातच काढून हातात घेतले. खोलीत अंधार होता. बाप भिंतीकडे तोंड करून झोपलेला, आज पायसुद्धा पांघरुणात घेतलेले. फारच गारठलाय म्हातारा, असं अर्गिरिसच्या मनात आलं आणि तो शेजारच्या खाटेवर कोसळला. झोपही अशी लागली की स्वप्नसुद्धा पडलं नाही. साडेपाचला उठला, कॉफी ठेवली, आणि कप घेऊन बापाला हलवायला गेला.

बंदरावरचा डॉक्टर संध्याकाळी सातला आला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "झोपेतच गेले. एक ते पाचच्या मध्ये कधीतरी. सुखाचं मरण म्हणायचं."

लोकांनीही तेच म्हटलं. अर्गिरिसच्या डोक्यात मात्र डॉक्टरचं पहिलं वाक्य राहिलंच नाही, दुसरं तेवढं रुतून बसलं. एक ते पाचच्या मध्ये. म्हणजे आपण हाताच्या अंतरावर घोरत होतो तेव्हा. बापानं हाक मारली असेल. पाणी मागितलं असेल. निदान हात तरी पुढे केला असेल. आणि आपण? आपण आयुष्यातली सगळ्यात गाढ झोप काढत होतो. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. फक्त दुपारी पाठ टेकणं बंद केलं. टेकली की कान बापाच्या खाटेकडे लागायचे.

त्याबरोबर आणखी एक खोड लागली. घरात कुणी झोपलेलं दिसलं की तो वाकून त्याच्या नाकाखाली बोट धरायचा. श्वास लागला की पुढे जायचा. बायकोच्या नाकाखाली, आणि आठ वर्षांच्या लेकीच्या, मेल्पोच्या नाकाखाली तर दुपारी दोन-दोन, तीन-तीनदा. झंबेतानं एक-दोनदा हात झटकला. "अरे, जिवंत आहे मी. आणि अशीच झोप मोडत राहिलास तर तुला मारूनच मरीन." तो ओशाळून हसायचा आणि पराती घासायला जायचा.

माणूस थकला की आधी त्याची जीभ जाते, मग हात जातात, मग डोकं. अर्गिरिसचं याच क्रमानं झालं. वसंतात तो गिऱ्हाइकांवर खेकसू लागला. जूनमध्ये एका सकाळी अख्ख्या घाण्याला मीठ घालायचं विसरला आणि गावानं दिवसभर आळणी पाव खाल्ला. जुलैत मेल्पोला शेजारी बसवून वरच्या वाडीहून येत होता. वळणावर त्याचे डोळे मिटले. पोरीनं "बाबा" म्हणून स्टिअरिंग ओढलं म्हणून गाडी दरीत न जाता झाडीत अडकली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही.

झंबेता त्या दिवशी ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीला आंघोळ घातली, जेवू घातलं आणि मग नवऱ्यासमोर येऊन बसली.

"पंधरा ऑगस्टचा सण मी काढते. इतक्या घरांच्या पराती तुझ्या एकट्यावर टाकून गेले असं गावानं म्हणायला नको. सण झाला की मेल्पोला घेऊन खाली बंदरावर भावाकडे जाते."

"किती दिवस?"

"तू झोपेपर्यंत. रागावून जात नाही मी, अर्गिरी. मला भीती वाटते. तुझी नाही. तू दमलायस त्याची. आणि पोरगी दुपारी डोळे मिटून नुसती पडून असते, हे दिसतं का तुला?"

त्याला दिसलं नव्हतं. त्यानं खूप प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घेतल्या, बाबुण्याच्या फुलांचा काढा प्यायला, दोन दुपारी खाटेवर पडून छताचे वासे मोजले. आपली खाट तर त्यानं उचलून माळ्यावरच टाकली. बापाची मात्र हलवायचा धीर झाला नाही. जिन्याखाली झंबेतानं भरून ठेवलेली निळी बॅग येता-जाता दिसत होती.

पंधरा ऑगस्ट उजाडला. देवाच्या आईचा सण, पंधरा दिवसांचा उपास सोडायचा दिवस. पंधरा दिवस मांस, अंडी, दूध काही नाही. त्यामुळे चर्चमध्ये प्रार्थना चालू असली तरी निम्म्या गावाचं चित्त भट्टीत शिजणाऱ्या मटणावर असतं. कारण त्या दिवशी घरी कुणी रांधत नाही. प्रत्येक घरातून सकाळी परात भरून भट्टीवर येते, कुणाचं बटाट्यावर रचलेलं बकऱ्याचं मटण, कुणाची भरली वांगी, कुणाचे भात भरलेले टोमॅटो. पाव निघाले की त्याच धगीवर या पराती आत सारायच्या आणि चर्च सुटलं की ज्याची त्याला द्यायची. परातीवर नाव नसतं, चिठ्ठी नसते. चिठ्ठी लावणं म्हणजे भट्टीवाल्याला वेंधळा म्हणण्यासारखं. थिमियोस परात नुसती पोच्यावरून ओळखायचा. "ही पाद्रीबाबांची, ही डावीकडे चेपलीय. ही सार्जंटची, हिचा काठ कुत्र्यानं चावलाय." अर्गिरिसही ओळखायचा. या धंद्यातली इज्जत तीच.

त्या दिवशी सव्वीस पराती होत्या. साडेबाराला चर्च सुटलं आणि सगळं गाव भुकेजून भट्टीच्या दारात लोटलं. अर्गिरिस एकेक परात काढत होता, कागदानं झाकत होता आणि समोर आलेल्या हातात देत होता. डोळे उघडे होते. हात चालू होते. माणूस मात्र आत नव्हता. जो हात पुढे आला त्याला त्यानं परात दिली, आणि अर्ध्या तासात भट्टी रिकामी झाली. झंबेता पाव विकण्यात गुंतली होती, तिच्याही लक्षात आलं नाही.

एक वाजता पहिली परात परत आली. पाठोपाठ दुसरी. मग रांगच लागली.

"अर्गिरी, आमच्या परातीत मटण होतं. ही वांगी कुणाची?"

"माझी. आणि माझ्या परातीवर तुझ्या पोरानं आधीच हात मारलाय, बघ, एक तंगडी गायब आहे."

"पाद्रीबाबांच्या घरी आमचं डुक्कर गेलंय का कुणी सांगा. त्यांनी खाल्लं असेल तर राहू दे, आशीर्वाद तरी मिळेल."

सव्वीसपैकी एकही परात आपल्या घरी गेली नव्हती. एवढं अचूक चुकायचं तर त्यालाही नशीब लागतं. सगळ्यात वाईट अवस्था पोलीस सार्जंट झिसिसची. घरात सात तोंडं, आणि परातीत मोजून पाच टोमॅटो आणि एक बटाटा. त्याची बायको परात डोक्याच्या वर धरून आली. "बघा, सणाचं जेवण. प्रत्येकी एक टोमॅटो, आणि दोघांनी प्रार्थना करायची."

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. अर्गिरिस हसला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. मग मागून कुणीतरी म्हातारा हळूच म्हणाला, "थिमियोस असता तर..." हसू तिथंच थांबलं. झंबेतानं पुढे होऊन, कागद उचकटून, एकेक परात ओळखून परत दिली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. तीन वाजायला आले तेव्हा पाच टोमॅटोंची लहान परात तेवढी उरली आणि सार्जंटची काठ चावलेली परात कुठे सापडेना.

"ही गारुफल्या मावशीची आहे," झंबेता म्हणाली. "सकाळी स्तेर्गिओसच्या बायकोनं आणून टाकली, आणि दुपारी परात नेलीही तिनंच. मावशीचा गुडघा धरलाय, ती येणार कशी? सार्जंटचं मटण तिच्याकडेच असणार. जा, घेऊन ये." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या सकाळची बस आहे आमची."

अर्गिरिसनं परात उचलली आणि निघाला. तीनचे ठोके पडले तेव्हा तो चर्चखालच्या उतारावर होता. मागे एकामागून एक झडपा बंद झाल्याचं ऐकू आलं.

गारुफल्या ही गावातली बहात्तर वर्षांची एकटी बाई. चाळीस वर्षं गावातली मेलेली माणसं तीच धुवायची, वाइनमध्ये फडकं बुडवून, हळू हातानं, त्यांच्याशी गप्पा मारत. एके काळी रोज भट्टीवर यायची, थिमियोसशी भांडायची, अंडी द्यायची, पाव न्यायची. हिवाळ्यापासून तिचं येणं बंद झालं होतं. गुडघा, असं ती सांगायची आणि पाव शेजाऱ्यांकडून मागवायची. थिमियोसला धुवायलाही ती आली नव्हती. अंगात ताप आहे म्हणून निरोप पाठवला होता.

दार उघडं होतं. सार्जंटची परात टेबलावर तशीच झाकलेली होती आणि म्हातारी तिच्यासमोर हात जोडल्यासारखी बसली होती.

"ये. कुणीतरी येणार हे माहीत होतं. तू येशील असं वाटलं नव्हतं."

"चूक झाली मावशी. ही तुझी. तेवढं ते मटण दे, सार्जंट वाट बघतोय."

"सार्जंट पंधरा दिवस उपाशी होता, आणखी पंधरा मिनिटांनी मरत नाही. बस."

"बसायला वेळ नाही गं."

"बस म्हटलं ना." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आरशात बघितलंस का तोंड? चाळीस वर्षं मी मुडदे धुतले. त्यातले कितीतरी तुझ्यापेक्षा तरतरीत होते."

अर्गिरिसला हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा खरं हसू आलं, आणि ते सुटलं तसं मागोमाग रडू आलं. तो खुर्चीवर बसला, दोन्ही पंजे तोंडावर धरले आणि लहान पोरासारखा हुंदके देत रडला. गारुफल्यानं त्याच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

"झोप लागत नाही मावशी," तो शेवटी म्हणाला. "बाबा गेला तेव्हा मी शेजारी होतो. असा, एवढ्या अंतरावर. त्यानं हाक मारली असेल. मी घोरत होतो. मी जागा असतो तर तो आज असता. आता डोळे मिटले की वाटतं, आत्ता कुणीतरी हाक मारील आणि मला ऐकू येणार नाही."

म्हातारी पुढे झुकली.

"असं वाटतं तुला? सात महिने असं वाटतंय?"

"मग कसं वाटणार?"

ती काठी टेकत उठली, दार लोटलं आणि पुन्हा येऊन बसली. "आता मी सांगते ते पुरतं ऐक. ऐकल्यावर मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. त्या दिवशी मी अंडी घेऊन तुमच्याकडे आले. मागच्या दारानं. तीन वाजायचे होते. तू वरच्या वाड्यांना गेला होतास, झंबेता लग्नघरी होती. थिमियोस भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी म्हटलं, म्हाताऱ्या, अंडी ठेवली रे. बोलला नाही. जाता जाता सवयीनं त्याच्या पायावर चापटी मारली. आणि कळलं. थंडीनं गारठलेला पाय वेगळा असतो, अर्गिरी. तो गारवा मला कळतो. मग हनुवटी धरून पाहिली. जबडा ताठरायला लागला होता. जाऊन दीड-दोन तास झाले होते. जेवून आडवा झाला तेव्हाच गेला बिचारा. तू तेव्हा कुठल्या वाडीत पाव वाटत होतास, तूच आठव."

अर्गिरिसनं मनातल्या मनात त्या दिवशीच्या वाड्या मोजल्या.

"मी बाहेर आले कुणाला तरी बोलवायला. तेवढ्यात तुझी गाडी आली. तू उतरलास आणि गाडीचं दार धरून तसाच उभा राहिलास, डोळे मिटून. रात्री दहापासून उभा होतास हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं. मग मनात आलं, आत्ता सांगितलं की हा पोरगा तीन दिवस पाठ टेकणार नाही. रात्रभर प्रेताजवळ बसेल, उद्या पुरणं, परवा लोकांची रीघ. थिमियोसला आता कसली घाई आहे? पोराला दोन तास मिळू देत. तू बूट हातात घेऊन आत गेलास. मी भिंतीच्या कोपऱ्याशी होते. मग तुमचं स्टूल दाराबाहेर घेतलं आणि बसले साडेपाचपर्यंत. तिघे जण आले, त्यांना परत पाठवलं. सांगितलं, बापलेक झोपलेत. तू उठायच्या आत येऊन तुला जवळ घेऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. पण तू उठलास, कॉफी ठेवलीस, तिचा वास आला आणि माझे पाय हलेनात. पळून आले. गाव काय म्हणेल, जिवंत पोराला मुडद्याशेजारी झोपवलं हिनं. त्याच लाजेनं नंतर त्याला धुवायलाही आले नाही."

"माझं मन राखायला सांगतेस तू हे," अर्गिरिस म्हणाला.

"नाही रे."

"मग सांग, तू आलीस तेव्हा त्याचे पाय कसे होते?"

"उघडे. नेहमीसारखे. माणूस गेला की पाय उघडे ठेवत नाहीत. मी पांघरूण खाली ओढलं आणि गादीखाली खोचलं. दोन्ही बाजूंनी."

अर्गिरिसला ते आठवलं. साडेपाचला बापाला हलवलं तेव्हा पांघरूण निघेना, गादीखाली दोन्ही बाजूंनी घट्ट खोचलेलं होतं, आणि ते त्यानंच उपसून काढलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बाप स्वतःचे पाय असे कधीच खोचणार नाही, आणि झोपल्या माणसाला स्वतःचं पांघरूण दोन्ही बाजूंनी खोचता येतही नाही, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं. म्हणजे तो बूट हातात घेऊन चवड्यांवर आत आला, तेव्हाच ते पाय झाकलेले होते. झाकणारी येऊन गेली होती. आणि त्याच्याही आधी बाप गेला होता.

मग त्याला राग आला. उशिरा आला, पण आला तो असा की टेबलावरची परात हादरली.

"सात महिने, मावशी. माझी गाडी दरीत जात होती, पोरगी आत होती. उद्या बायको घर सोडून चाललीय. आणि तू गुडघ्याचं निमित्त करून इथं बसून राहिलीस."

"बसले," ती म्हणाली. "गुडघा खोटा नाही. त्या दिवशीच्या गारठ्यात स्टुलावर बसून धरला तो धरलाच. पण त्याच्याआड लपले, हे खरं आहे. तू स्वतःला असा खात असशील हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तर रांगत आले असते."

"तू मला उठवायला हवं होतंस."

"असेल. मी रोज विचार करते आणि मला कळत नाही. त्या दोन तासांत मी तुझं काय हिरावून घेतलं, ते तू सांग. रडणं? ते तू नंतर केलंसच. थिमियोस? तो नव्हताच."

अर्गिरिसला ती झोप आठवत होती. तिचीच त्याला सात महिने शरम वाटत होती, की ती इतकी छान होती. लहानपणी भट्टीच्या उबेत बापाच्या पाठीला पाठ लावून झोपायचा तशी. आणि त्या सगळ्या वेळात दाराबाहेर जानेवारीच्या वाऱ्यात एक म्हातारी स्टुलावर बसून आल्यागेल्याला हाकलत होती. राग गेला असं नाही म्हणता येणार. पण त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि त्याबरोबर असा थकवा आला की त्याला खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं.

"जा," गारुफल्या म्हणाली. "मटणाचं मी बघते. तू घरी जा."

तो घरी कसा आला ते त्याला सांगता येणार नाही. झंबेता जिन्याशी बॅगेचा पट्टा ओढत होती. "मी जरा पडतो," तो म्हणाला. तिनं वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला पट्टा सोडला. मागच्या खोलीत एकच खाट होती. अर्गिरिस बापाच्या खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

जाग आली ती नाकाखाली काहीतरी हुळहुळल्यामुळे. डोळे उघडले तर समोर एक लहानसं बोट होतं, आणि बोटामागे मेल्पोचा गंभीर चेहरा. झडपांच्या फटीतून येणारं ऊन तांबूस झालं होतं.

"आईनं सांगितलंय उठवायचं नाही," ती कुजबुजली. "मी उठवत नव्हते. फक्त बघत होते."

"किती वाजले?"

"सात. सार्जंट काका आले होते. मावशी परात घेऊन आली आणि बाहेर स्टुलावर बसलीय ना, तिनं त्यांना बूट काढायला लावले. ते परात घेऊन अनवाणी गेले. आणि आईनं बॅग उघडलीय. पण माळ्यावर नाही टाकली. म्हणाली, बघू."

बाहेर गारुफल्या कुणालातरी दबक्या आवाजात दटावत होती. संध्याकाळचे पाव नाहीत, आहेत ते सकाळचे घ्या, आणि पाय वाजवू नका.

"आणि तू काय बघत होतीस?" अर्गिरिसनं विचारलं. त्याला ते ठाऊक होतं, तरी विचारलं.

"श्वास," पोरगी म्हणाली, त्यात विचारायचं काय अशा सुरात. "तू माझा बघतोस ना रोज. मी जागीच असते. तू बघून जाईपर्यंत झोपायचं नाही असं ठरवते, म्हणजे तुला श्वास नीट लागेल. मग तू गेलास तरी झोप येत नाही."

सात महिने आपण हिच्या नाकाखाली बोट धरलं आणि त्याच बोटानं हिची झोप काढून नेली. ज्या गावात चेंडू आपटणाऱ्याला शिव्या देतात, तिथं आपण आपल्याच पोरीशी हे केलं. त्याला तिला खूप काही सांगायचं होतं. आजोबांबद्दल, पायांबद्दल, त्या स्टुलाबद्दल. ते सगळं नंतर सांगता येणार होतं.

तो भिंतीकडे सरकला आणि शेजारी जागा केली. "ये. आता तू झोप. आज कुणी बघायला येणार नाही."

"तू जागा राहणार?"

"नाही. मीही झोपणार."

ती आडवी झाली, बापाच्या पाठीला पाठ लावली, आणि दोन मिनिटं चुळबुळ करून गप्प झाली. अंग सैल पडलं. अर्गिरिस ऐकत राहिला. काहीच ऐकू येईना. त्याचा हात आपोआप उठला, मागे तिच्या चेहऱ्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं तो परत घेतला आणि स्वतःच्याच गालाखाली दाबून ठेवला.

मान वळवली तर, उकडत होतं म्हणून की काय, पोरीनं झोपेतच चादर लाथाडली होती. तिचे दोन्ही पाय उघडे पडले होते. त्यानं ते तसेच राहू दिले.